एक मेचा निकाल



एक मे म्हटलं की शहरातल्या माणसाला सुटी आठवते. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यात मात्र एक मे म्हणजे निकाल. सकाळी झेंडावंदन, महाराष्ट्र दिनाची दोन भाषणं, पोरांना गोळ्या-बिस्किटं आणि मग ज्याची सगळी वाट बघत असतात, तो प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. पण याच तारखेला दोन वर्षांनी, म्हणजे १ मे १९६२ रोजी, राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणजे राज्याचा वाढदिवस, जिल्हा परिषदेचा वाढदिवस आणि गावातल्या पोरांचा निकाल, असा हा तिहेरी मुहूर्त आहे. गावची प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, त्यामुळे त्या दिवशी निकाल पोरांचा लागतो तसा थोडासा आपलाही लागतो, असं मला नेहमी वाटत आलं.

माझी नोकरी निम्मी घाटावर आणि निम्मी घाटाखाली झाली. आमच्या जिल्ह्याचे हे दोन भाग बाहेरच्यांना ठाऊक नसतात. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा घाटावरचा मुलूख. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा घाटाखालचा. घाटावर सोयाबीन, घाटाखाली कपाशी. घाटाखाली उन्हाचा कडाका जास्त आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात प्यायच्या पाण्याचीही मारामार. मार्चनंतर शाळा सकाळची होते. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, त्याचं कारणही हेच ऊन. २०२५ मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकानं परीक्षा घ्यायचं ठरलं आणि पेपर २५ एप्रिलपर्यंत चालले. तेव्हा पाच दिवसांत पेपर तपासायचे, नोंदी करायच्या, प्रगतिपुस्तकं लिहायची आणि एक मेला निकाल वाचायचा, अशी शिक्षकांची धावपळ झाली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पत्र्याच्या खोलीत बसून पेपर लिहिणं काय असतं, ते घाटाखालच्या पोरांना विचारावं.

पण आज मला तक्रार सांगायची नाही. वर्षअखेरीला शाळेजवळ सांगण्यासारखी बातमी कोणती असते, ते सांगायचं आहे.

स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक वार्षिक अहवाल वाचतात. तो अहवाल आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धेत कबड्डीत दुसरा क्रमांक, शिष्यवृत्ती परीक्षेला इतकी मुलं बसली, ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची जयंती, वृक्षारोपण, शालेय पोषण आहार, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा. लोक माना डोलावतात. पोरं मात्र पडद्यामागून डोकावत असतात, कारण त्यांचा नाच अजून व्हायचा असतो. अहवाल खोटा नसतो. पण वर्षभर शाळेत जे घडलं, त्यातलं निम्मं त्यात येत नाही.

आता हेच बघा. घाटाखाली भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे. जळगाव जामोद तालुक्यातलं हे गाव. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात धान्याचा घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्यावरून पाऊसपाण्याचं, पिकाचं भाकीत सांगतात. तीनशेहून अधिक वर्षांची ही परंपरा सांगितली जाते. वर्तमानपत्रांत ते भाकीत छापून येतं आणि गावोगाव त्याची चर्चा होते. आम्ही एका वर्षी ते कात्रण एका वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं. मग शाळा उघडल्यावर एक उभ्या काठाची सपाट बुडाची बरणी उघड्यावर ठेवली, तिला मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवली आणि रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायला लागलो. साडेआठलाच का, असं पोरांनी विचारलं. हवामान खात्याची पावसाची नोंद त्याच वेळेला होते, हे त्यांना सांगितलं. आपण जे करतो तेच सरकारी माणूस करतो म्हटल्यावर पोरांची छाती फुगली. रविवारी शाळेजवळ राहणारा चौथीचा एक मुलगा नोंद घ्यायचा. चार महिने एकही खाडा नाही.

वर्षाच्या शेवटी ती वही पालकांसमोर वाचली. भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे मला मुलांना भाषण करून सांगता आलं असतं. तशी वेळ आली नाही. एकीकडे कात्रण, दुसरीकडे आकडे. काही जुळलं होतं, काही जुळलं नव्हतं. एका मुलीनं उभं राहून सांगितलं, ‘‘भाकितात ‘साधारण’ लिवलं हाय, पण किती ते लिवलं नाई. आमच्या वहीत किती ते हाय.’’ एवढं ज्या पोरीला कळलं, तिचं विज्ञान सुरू झालं. प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही.

घाटावरच्या शाळेतून लोणारची सहल निघायची. उल्कापातानं झालेलं हे विवर जगातले अभ्यासक बघायला येतात आणि आमची पोरं तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर राहून ते बघत नाहीत, याची खंत वाटायची. विवराचा वरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आतलं पाणी खारट आणि क्षारयुक्त. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं आणि देशभर बातम्या झाल्या. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असं संशोधकांनी तपासून सांगितलं. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळांच्या यादीत गेलं. आम्ही सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात हळदीचे कागद तयार केले. कागदाला ओली हळद लावायची आणि वाळवायचा, झालं. तो चुन्याच्या निवळीत बुडवला की लाल होतो, लिंबाच्या रसात पिवळाच राहतो. दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाला विचारून सरोवराच्या काठाशी एक कागद बुडवला. तो लालसर होताच पोरं ओरडली, ‘‘चुन्यावानी हाय!’’ देवळं बघितली, दशम्या खाल्ल्या, परत येताना गाडीत झोपली. पण घरी गेल्यावर आईच्या हळदीच्या डब्याचा पुढचे आठ दिवस काय प्रयोग झाला, ते आयांनी मला येऊन सांगितलं. हळद महाग झाली आहे गुरुजी, म्हणाल्या.

बालबाजार हाही आता बहुतेक शाळांत भरतो. परसबागेतली मेथी, पालक, कढीपत्ता, घरून आणलेली बोरं, शेंगदाण्याचे लाडू, भजी. मुलंच दुकानदार, गाव गिऱ्हाईक. वजाबाकीत हातचा घेताना अडखळणारी पोरं पन्नासच्या नोटेतून सतरा रुपये वजा करून सुटे बरोबर परत देतात. मी एका दुकानावर मेथीची जुडी घेतली आणि खिसा चाचपत म्हटलं, पैसे उद्या देतो. तिसरीतली ती दुकानदारीण जुडी माझ्या हातातून परत घेऊन म्हणाली, ‘‘उधारी बंद हाय, गुरुजी.’’ आजूबाजूची माणसं हसली. तिच्या आजीचं किराणा दुकानातलं खातं किती तुंबलं होतं, हे गावाला माहीत होतं आणि तिलाही. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं.

या मुलीबद्दल थोडं सांगतो. लोणार, सिंदखेडराजा या भागातल्या काही गावांतून आणि तांड्यांतून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचं वर्ष जूनअखेर ते एप्रिल. म्हणजे या घरातली मुलं आईबापांबरोबर गेली की वर्षाचा निम्म्याहून जास्त भाग गेला. हजेरीपटावर त्यांची ओळ नोव्हेंबरपासून कोरी. यावर उपाय म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल गावातच राहतं, त्याच्या दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था होते. मूल बरोबर गेलंच, तर शिक्षण हमी पत्रक दिलं जातं. ते दाखवून जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं. कागदावर दोन्ही सोयी चांगल्या आहेत. पण आई नोव्हेंबरात गाडी भरताना विचारते, माझ्या पोरीला ताप आला तर रात्री कोण बघेल? या प्रश्नाचं उत्तर शासन निर्णयात नसतं. ते गावात शोधावं लागतं.

या मुलीच्या बाबतीत उत्तर होतं तिची आजी. आजीचे गुडघे गेलेले, नजर मंद. नातीला ठेवून घ्यायला तयार झाली, पण तिची अट एकच होती: ‘‘ठेवतो जी, पण थे शिकली पायजे. नुसती राखण करासाठी नाई ठेवत मी.’’ त्या वर्षी दिवाळीपासून मार्चपर्यंत ती मुलगी गैरहजर राहिली फक्त सहा दिवस, तेही आजी आजारी होती म्हणून. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई संध्याकाळी तिच्या घरी चक्कर मारायच्या. शेजारणी भाकरी द्यायच्या. वार्षिक अहवालात यातलं काही नव्हतं. माझ्या दृष्टीनं त्या वर्षाची सगळ्यात मोठी बातमी हीच होती.

तिच्याच वर्गातला एक मुलगा आईबापांबरोबर गेला. हमी पत्रक दिलं होतं. साखर कारखान्याजवळच्या शाळेत तो काही दिवस बसला, मग टोळी दुसऱ्या फडावर गेली. एप्रिलमध्ये परत आला, तेव्हा पुस्तक उघडून देताच त्यानं ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, ‘‘तुमी वाचा.’’ आदल्या दिवाळीत तो जोडाक्षरं वाचत होता.

अशा मुलाचा निकाल काय लावायचा? १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरलं. त्याच वर्षी आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जागी श्रेणी आल्या, वर्णनात्मक नोंदी आल्या. पुढे २०१९ मध्ये केंद्रानं कायदा बदलला आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली. त्यात कमी पडलेल्या मुलाला दुसरी संधी मिळते आणि तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. पहिली ते चौथीला मात्र वर्गोन्नती ठरलेली. पालक प्रगतिपुस्तक उलटसुलट करतात आणि अजूनही तोच प्रश्न विचारतात, ‘‘पास झाला का नाई, तेवढं सांगा.’’ काही शिक्षकांना या प्रश्नाचा राग येतो. मला येत नाही. माणूस मजुरी बुडवून आलेला असतो. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की वर्षभर पोराला पाठवलं, त्याचं काही झालं का.

त्याला समजेल असं उत्तर द्यायचा एक मार्ग आमच्या शाळांत रुजला, तो म्हणजे चावडी वाचन. संध्याकाळी मारुतीच्या पारावर किंवा ग्रामपंचायतीपुढे गाव जमवायचं आणि पोरांनी सगळ्यांसमोर वाचायचं. पाठ केलेला धडा वाचता येऊ नये म्हणून पुस्तक गावानं द्यायचं. कुणी वर्तमानपत्र देतो, कुणी लग्नपत्रिका. एका वर्षी एप्रिलमध्ये एका शेतकऱ्यानं घरातून सोयाबीनच्या बियाण्याची रिकामी पिशवी आणली आणि आजीजवळ राहिलेल्या त्या मुलीपुढे धरली. म्हणाला, ‘‘हे वाच बरं.’’ तिनं नाव वाचलं, वजन वाचलं, तारीख वाचली. मग अडखळत वाचलं, ‘‘उगवणशक्ती किमान सत्तर टक्के.’’ ‘‘म्हंजे काय व बाई?’’ त्यानं विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘शंभर दाने पेरले तं सत्तर तरी उगवाले पायजे.’’ पिशवीवरचं ते वाक्य त्या माणसानं आधी कधी वाचलेलं नव्हतं. आजी कानावर हात धरून पुढे सरकली आणि शेजारणीला विचारू लागली, काय म्हणली, काय म्हणली?

दुसऱ्याच दिवशी आम्ही वर्गात तो प्रयोग केला. कृषी खातं दर मे महिन्यात शेतकऱ्यांना जो सांगतं, तोच. घरचं सोयाबीन घ्यायचं, न निवडता शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याच्या आत गुंडाळी उलगडायची आणि कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरणीजोगं. कमी उगवले तर पेरताना जास्त बियाणं घ्यायचं आणि फारच कमी असतील तर ते बियाणं बाजूला ठेवायचं. सगळ्या पोरांनी घरून मूठ-मूठ सोयाबीन आणलं. कुणाचे ऐंशी उगवले, कुणाचे पंचावन्न. ज्यांचे पंचावन्न उगवले, त्यांच्या वडिलांना पेरणीच्या दोन महिने आधी ते कळलं. दुबार पेरणीचा खर्च काय असतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या बातमीची किंमत सांगायला नको.

ऊसतोडीहून परतलेला तो मुलगाही त्यात होता. अक्षरं विसरला होता, पण मोजणी विसरला नव्हता. उसाच्या मोळ्या मोजत आलेला तो. गोणपाटावरचे कोंब त्यानं सगळ्यांच्या आधी मोजले आणि चुकले नाहीत. तिथून त्याला परत धरलं. सुटीतही आम्ही त्याला सोडलं नाही. चौथीतली दोन मुलं रोज सकाळी त्याच्याबरोबर पाऊण तास बसायची. जून संपेपर्यंत तो साधे शब्द वाचू लागला. जोडाक्षरं मात्र अजून नव्हती.

बियाण्याचं गणित आणि शाळेचं गणित सारखं नाही, हे मला त्या आठवड्यात नीट उमगलं. शंभरात सत्तर उगवले की शेतकरी म्हणतो, चाललं. राहिलेले तीस मातीत जातात. शाळेत मात्र ते तीस वर्गातच बसलेले असतात, आपल्याकडे बघत.

निकालाच्या दिवशी आणखी एक कागद हातात पडतो, तो चौथीच्या मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला. आमच्याकडे पुष्कळ गावांत शाळा अजून चौथीपर्यंतच आहे. पाचवी दुसऱ्या गावी. मुलगा सायकल मारत जातो. मुलीच्या बाबतीत घरात बैठक बसते. पाचवीपासून ग्रामीण मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे. पण शाळेच्या वेळेला बस गावात आली तर त्या पासाचा उपयोग. मी दाखले देताना प्रत्येक मुलीच्या बापाला विचारायचो, पाचवीत कुठे घालता? आणि जूनमध्ये त्या शाळेत फोन करून विचारायचो, आली का? दाखला गेला म्हणजे मूल गेलं असं नाही. ते पुढच्या शाळेच्या पटावर चढलं की मगच आपलं वर्ष संपलं.

मंडळी, याच मे महिन्यात शाळेचंही भवितव्य ठरत असतं. खासगी शाळांच्या गाड्या गावात फिरतात, फलक लागतात. २०२२ पासून आपल्या शाळांतही पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. आयांना बोलावून, घरी काय करून घ्यायचं ते दाखवलं जातं. तरी दरवर्षी पट एक-दोननं घसरतो आणि २०२३ मध्ये तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले होते. शाळा दूर गेली तर सगळ्यात आधी कोण घरी बसेल? आजीजवळ राहिलेली ती मुलगीच. एवढं गावानं लक्षात ठेवावं.

म्हणून माझी एक विनंती आहे. तुमचं मूल शाळेत असो वा नसो, येत्या एक मेला झेंडावंदनाला शाळेत जा. भाषण संपल्यावर गुरुजींना चार गोष्टी विचारा. नोव्हेंबरात किती पोरं गावाबाहेर गेली आणि त्यातली किती परतली? परतली त्यांना सुटीत कोण शिकवणार? चौथीच्या मुली पाचवीत कुठे जाणार? आणि तुमच्या खिशात जो कागद असेल, तो एखाद्या पोराला वाचायला द्या. बियाण्याची पावती असेल, विजेचं बिल असेल, काहीही चालेल.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आता आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलं आहे. ही मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. हजेरीपटावर त्यांच्या नावाशेजारी आईचं नाव असेल. ती आई नोव्हेंबरात ऊसतोडीला गेली तरी तिचं मूल त्या हजेरीपटावर हजर राहील, एवढी सोय आपण तोपर्यंत करू शकतो. सुरुवात या सुटीपासून करू या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)